शब्दचर्चा : 'रिलेशन' सापडत नाही म्हणजे नेमके काय सापडत नाही?

बेंबळाकाठ

राम राम मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेबाचे काम मी पाहतो. कापूस, सोयाबीन, तूर काट्यावर आली की वजन, ओलावा, हमाली, सगळे कॉम्प्युटरवर चढते आणि नोंदी पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये जातात. पोस्टग्रेस मुक्तस्रोत आहे. परवान्याचे पैसे नाहीत, जुन्या मशीनवरही नीट चालते. त्याबद्दल तक्रार नाही.

अडचण शब्दांची आहे. काट्यावरची पोरे बारावी झालेली, कामाला चोख. पण पडद्यावर इंग्रजी संदेश आला की त्यातल्या शब्दाचा जो मराठी अर्थ त्यांना शाळेपासून माहीत आहे, त्याच दिशेने ती दुरुस्ती करायला जातात. या आठवड्यात संदेश आला: रिलेशन "शेतकरी" डझ नॉट एक्झिस्ट. पोराने अर्थ लावला की शेतकरी आणि पावती यांच्यातला संबंध तुटला. मग दोन तक्ते जोडणारी फॉरेन की तो तपासत बसला. बाहेर गाड्यांची रांग लागून राहिली होती.

काट्याजवळ भिंतीवर लावायला एक पान करायचे आहे. रिलेशन, नल, डेडलॉक, व्हॅक्यूम हे चार शब्द आधी घेऊ. कोशातला प्रतिशब्द नको. तो शब्द वाचून माणसाने योग्य ठिकाणी हात घालावा, एवढेच पाहिजे.

गणिताची वही

भाऊ, त्या पोराने केलेला अर्थ समजण्यासारखा आहे. बी.एस्सी. झालेले कितीतरी लोकही असेच सांगतात की तक्त्यांचे एकमेकांशी संबंध जोडता येतात म्हणून या प्रकारच्या डेटाबेसला रिलेशनल म्हणायचे. ते चूक आहे.

एडगर कॉड हा आयबीएममधला गणिती. त्याने १९७० साली आपल्या निबंधात हा शब्द वापरला तो संचसिद्धांतातून उचलून. तिथे रिलेशन म्हणजे ठरावीक क्रमाने मांडलेल्या मूल्यांच्या गटांचा संच. (शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक) असा एक गट, असे अनेक गट मिळून एक रिलेशन. म्हणजे एकटा तक्ताच रिलेशन झाला. दुसरा तक्ता नसला तरी डेटाबेस रिलेशनलच राहतो. तक्त्यांना जोडणाऱ्या दुव्याला इंग्रजीत रिलेशनशिप म्हणतात, आणि गोंधळ नेमका तिथे होतो.

आपल्या गणिताच्या पुस्तकांत रिलेशनला 'संबंध' म्हणतात. त्या विषयात तो शब्द बरोबर आहे. पण भिंतीवर 'संबंध' लिहाल तर तीच चूक तुम्ही पक्की कराल.

अडाणकाठ

शब्दाचे होईल ते होईल, आधी तुमचा संदेश मिटवू. तक्ता इंग्रजी लिपीत नाव देऊन केला आहे का, आणि नावातले पहिले अक्षर कॅपिटल आहे का? कारण पोस्टग्रेस अवतरणाशिवाय लिहिलेले नाव मुकाट्याने लहान अक्षरांत करून शोधतो. (एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या प्रमाणात मोठ्या अक्षरांत करावे असे आहे, पोस्टग्रेसची रीत उलटी.) तक्ता तयार करताना नाव दुहेरी अवतरणात घातले असेल तर कॅपिटल अक्षर तसेच राहते. मग साधी क्वेरी (डेटाबेसला विचारणा) लिहिली की शोध लहान अक्षरांच्या नावाचा होतो आणि ते नाव अस्तित्वातच नसते. काही टूल तक्ता बनवताना अवतरणे आपोआप लावतात, त्यामुळे आपण काही केले नाही असे वाटते.

तसे नसेल तर दोन गोष्टी पहा. जोडणी भलत्याच डेटाबेसला झाली आहे का? आणि तक्ता वेगळ्या स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या वेगळ्या कप्प्यात) आहे का, जी सर्च पाथमध्ये, म्हणजे पोस्टग्रेस नाव शोधतो त्या कप्प्यांच्या यादीत, नाही? आमच्याकडे बहुतेक वेळा यांपैकीच एक निघते. फॉरेन कीचा या संदेशाशी काहीही संबंध नाही, हे मात्र ठळक लिहा.

बेंबळाकाठ

अडाणकाठभाऊ, कॅपिटलच होते. जुन्या प्रोग्राममधून तक्ते आणताना अवतरणे लागली होती. सगळ्या तक्त्यांची नावे लहान अक्षरांत बदलून घेतली, काम सुरू झाले. लय आभार.

मग रिलेशनला सरळ 'तक्ता' लिहू का?

अडाणकाठ

जवळजवळ. पोस्टग्रेसच्या पोटात पीजी-क्लास नावाची यादी असते. तिच्यात तक्ता, व्ह्यू (साठवलेली क्वेरी), इंडेक्स (जलद शोधासाठीची सूची), पावती क्रमांक देणारा सिक्वेन्स, सगळे एकाच ओळीत बसतात आणि सगळ्यांना तो रिलेशनच म्हणतो. म्हणजे हा संदेश सिक्वेन्स हरवला तरी येईल. मी असे लिहीन: "या नावाचा तक्ता (किंवा व्ह्यू, इंडेक्स, सिक्वेन्स) मला सापडला नाही. नाव आणि स्कीमा तपासा." वाक्य लांब आहे, पण वाचणारा नावाकडे पाहील.

पऱ्हाटी

नावाकडे पाहायचे तर तक्त्यांची नावे मराठीतच ठेवा ना. कॅपिटलची भानगडच उरत नाही. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका बचत गट संघाच्या नोंदी अशाच ठेवते. शेतकरी, पावती, हप्ता ही नावे पोस्टग्रेस अवतरणाशिवाय घेतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात, आणि त्या कुठेच कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली, नावाची लांबी. मर्यादा ६३ बाइट आहे, आणि युटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, अनुस्वार वेगळे मोजायचे. म्हणजे जेमतेम २१ चिन्हे. 'शेतकरी_कापूस_पावती_हंगाम_२०२४' असे नाव दिलेत तर 'हंगा'पर्यंतच ठेवले जाते, पुढचे कापतात. नोटीस येते, पण ती वाचतो कोण? पुढच्या वर्षी शेवटी २०२५ लावून तक्ता करायला गेलात की तो आधीच आहे असा संदेश येईल, कारण दोन्ही नावे कापून एकच झाली. नाव छोटे ठेवा. खरे तर वर्ष नावात घालूच नका, त्याला तक्त्यात रकाना द्या.

दुसरी गोष्ट जास्त त्रासाची आहे. 'शेतकऱ्यांचे', 'पऱ्हाटी' यांतला ऱ्य, ऱ्ह. पडद्यावर एकसारखा दिसतो, पण आतून तो वेगवेगळ्या तऱ्हेने टंकला जातो. कोणाच्या कीबोर्डवर नुक्त्याचा र म्हणून एकच चिन्ह येते, कोणाच्या र आणि नुक्ता अशी दोन, आणि कोणाच्या साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक. डेटाबेसच्या दृष्टीने ही तीन वेगळी नावे. आमच्याकडे एकाच बाईची दोन खाती अशी उघडली गेली, आणि युनिक कन्स्ट्रेंटने (तेच मूल्य पुन्हा येऊ न देणाऱ्या नियमाने) हूं की चूं केले नाही. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ नावाचे फंक्शन आहे, ते पहिल्या दोन तऱ्हा एक करते. तिसरी, जोडकवाली, करत नाही. ती नोंद आत येण्याआधी आपणच बदलून घ्यावी लागते.

गणिताची वही

पऱ्हाटीताई, हे फार उपयोगी आहे. जतन करून ठेवतो.

पुढचा शब्द नल. इथे माझा आग्रह आहे: 'शून्य' लिहू नका, 'रिक्त'ही लिहू नका. शून्य ही संख्या झाली. रिक्त म्हटले की रिकामी अक्षरमाला डोळ्यांसमोर येते, आणि पोस्टग्रेसमध्ये रिकामी अक्षरमाला आणि नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संत्राबाग

आमच्या तहसिलीत अशा वेळी 'निरंक' लिहितात. मस्त शब्द आहे, सगळ्यांना माहीत आहे. तोच घ्या.

गणिताची वही

दादा, निरंक मलाही आवडतो, पण त्याचा अर्थ बघा. गावात बोगस बियाण्याच्या तक्रारी किती? निरंक. म्हणजे चौकशी झाली, एकही तक्रार नाही हे कळले. निरंक हे उत्तर आहे. नल म्हणजे उत्तर आलेच नाही.

काट्यावरचेच उदाहरण घ्या. चार गाड्यांचा ओलावा ८, १०, १२ आणि चौथीचा मोजलाच नाही. चौथीला नल ठेवलात तर पोस्टग्रेस तिला सरासरीत धरत नाही आणि उत्तर १० येते. पोराने 'निरंकच तर आहे' म्हणून ० टाकले तर सरासरी ७.५ होते. कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर असला की भावात कपात लागते. आता सांगा, कागदोपत्री तुमचा माल कोरडा ठरला की नाही? पुढे माल घेणारा मोजेल तेव्हा भांडण तुमच्याशी होईल.

म्हणून भिंतीवर लिहा: नल = 'माहीत नाही'. याचा आणखी एक फायदा. नल बरोबर नल असे विचारले तर उत्तर 'हो' का येत नाही, ते आपोआप समजते. एकाचे वय माहीत नाही, दुसऱ्याचेही माहीत नाही. दोघे एका वयाचे आहेत का? माहीत नाही. त्यासाठीच 'इज नल' असे वेगळे विचारावे लागते.

संत्राबाग

पटले. 'माहीत नाही' ठेवा. पंचायतीच्या पर्जन्यमापकाचेही असेच आहे, पाऊस नाही पडला आणि कोणी मोजला नाही, दोन्हीला तिथे एकच रेघ मारतात.

अडाणकाठ

डेडलॉक लवकर उरकू. 'कुलूप', 'मृतबंध' नको, 'कोंडी' घ्या. एका खिडकीवरच्या पोराने आधी रामाच्या खात्यात बदल केला, आता त्याला श्यामाचे खाते पाहिजे. दुसऱ्याने श्यामाचे धरले आहे, त्याला रामाचे पाहिजे. दोघेही थांबले. पोस्टग्रेस साधारण एक सेकंद वाट पाहतो, मग कोंडी आहे का ते तपासतो आणि एकाचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्के होणारे बदल) रद्द करून टाकतो. काही बिघडलेले नसते, ज्याचा रद्द झाला त्याने पुन्हा करायचा. वारंवार होत असेल तर प्रोग्राममध्ये खाती नेहमी एकाच क्रमाने, समजा खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमाने, उचलायला लावा.

वावरातला

राम राम. मी कास्तकार मानूस, पन पोरासंगं बसून हे कॉम्प्युटरचं काम शिकलो. तुम्ही व्हॅक्यूमले 'निर्वात' लिहसान तर कोनाले काई समजनार नाई. आमच्याइकडे त्याच्यासाठी शब्द हाये, उलंगवाडी.

बेंबळाकाठ

काका, जरा खुलासा करा. शब्द ओळखीचा आहे, पण इथे कसा बसतो?

वावरातला

पोराने मले सांगतलं का पोस्टग्रेस जुनी ओळ खोडत नाई. पावतीत वजन बदललं का तो नवी ओळ लिहते अन् जुनी तशीच पडून राह्यते. कापसाचं आखरी येचन झालं, बोंडं सरली, का उलंगवाडी झाली म्हनतेत. वावर मोकळं झालं, ढोरं सोडा, पुढच्या पेरनीची तयारी करा. वावर काई लहान होत नाई, तेवढंच राह्यते. व्हॅक्यूमचंही तसंच. जागा मोकळी होते, फाइल तेवढीच राह्यते.

अन् येक. कोनाची येचनी बाकी असन तर उलंगवाडी करता येत नाई.

अडाणकाठ

काका, हा शब्द मी तरी सोडणार नाही. शेवटचे वाक्य तर नेमके तांत्रिक दुखण्यावर बोट ठेवते, म्हणून त्याची बाजू सांगतो.

पोस्टग्रेस एका ओळीच्या अनेक आवृत्त्या ठेवतो, म्हणजे एकजण वाचत असताना दुसरा लिहू शकतो. जुन्या आवृत्तीची कोणालाच गरज उरली नाही की ती मृत. त्यांनाच संदेशांत डेड टपल म्हणतात. (टपलसाठी 'ओळ' नको, 'ओळीची प्रत' लिहा. एका ओळीच्या तीन प्रती असू शकतात.) मृत प्रतींची जागा व्हॅक्यूम मोकळी करतो, आणि ती त्याच तक्त्याच्या पुढच्या नोंदींना मिळते. ऑटोव्हॅक्यूम मुळातच चालू असतो. बदललेल्या आणि खोडलेल्या प्रती तक्त्याच्या साधारण २० टक्के आणि वर ५० झाल्या की तो स्वतः कामाला लागतो. मशीन हळू चालते म्हणून तो बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करू नका, थोड्याच महिन्यांत मशीन आणखी हळू होईल.

आता 'येचनी बाकी'. कोणी एका खिडकीत व्यवहार सुरू केला, चार पावत्या बदलल्या आणि कमिट (बदल पक्के) न करता जेवायला गेला. तो व्यवहार उघडा आहे तोवर त्यानंतर मृत झालेल्या प्रती व्हॅक्यूम काढू शकत नाही. व्हॅक्यूम चालून जातो, तक्ता फुगतच राहतो.

व्हॅक्यूम फुल हा वेगळा प्रकार. तो तक्ता नव्याने लिहून काढतो, फाइल खरोखर लहान होते. पण तेवढा वेळ तक्त्याला कोणी हात लावू शकत नाही, वाचूही शकत नाही, आणि नव्या प्रतीसाठी डिस्कवर जागा लागते. त्याला उलंगवाडी म्हणू नका, पोरे हंगामात चालवतील.

पऱ्हाटी

त्याला 'तक्ता नव्याने लिहिणे' एवढेच ठेवा. समोर 'खरेदी बंद असतानाच' असे लाल शाईने.

उलंगवाडीबद्दल एक शंका. आमच्याकडे एखाद्याचे सगळे संपले, घर बसले, तरी 'त्याची उलंगवाडी झाली' म्हणतात. नवीन पोराला वाटेल की नोंदीच गेल्या.

वावरातला

बाई, बोलन्यात तसं म्हनतेत, खरं हाये. मंग 'जुन्या प्रतींची उलंगवाडी' असं लिहा. काय सरलं ते समजते.

बेंबळाकाठ

'जुन्या प्रतींची उलंगवाडी' नक्की. पान आज रात्री छापतो. काका, तुमचे वाक्य थोडे बदलून खाली टाकतो: कोणाचा व्यवहार उघडा असेल तर उलंगवाडी होत नाही.

अडाणकाठभाऊ, उघडा व्यवहार कोणाचा आहे ते पोरांना शोधता येईल का? दरवेळी मला फोन येतो.

अडाणकाठ

येईल. पीजी-स्टॅट-अॅक्टिव्हिटी हा व्ह्यू पाहायला सांगा. त्यात 'स्टेट' या रकान्यात 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' लिहिलेली ओळ शोधायची. मराठीत 'व्यवहार उघडा, माणूस गप्प' लिहा. त्याच व्ह्यूच्या 'एक्स-अॅक्ट-स्टार्ट' (xact_start) रकान्यात तो कधीपासून उघडा आहे ते दिसते, आणि कोणत्या मशीनवरून तेही. आधी त्या माणसाला हाक मारून कमिट करायला लावा, परस्पर तोडलेत तर त्याने केलेले बदल जातील. आणि ९.६ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर अशा गप्प व्यवहाराला मुदत घालून देता येते. त्या सेटिंगचे नाव 'आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट'. मी अर्धा तास ठेवला आहे. तुमच्याकडे काट्यावर एका गाडीला किती वेळ लागतो ते पाहून ठरवा.