डास: चावण्याआधीचे आणि चावल्यानंतरचे घरचे उपाय

नदीकाठची
उद्या २० ऑगस्ट, जागतिक डास दिन. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला. तेवढं निमित्त पुरे, म्हणून धागा काढते.

आमचं घर पुण्यात, मुळा-मुठेच्या काठाला. पावसाळ्यात नदी वाहती असते तोवर ठीक. दिवाळीनंतर पाणी थांबलं, जलपर्णी पसरली की आमचा सीझन सुरू. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीकडे नदीवर डासांचे उंच खांब उभे राहिलेले व्हिडिओ तुमच्यापर्यंत आलेच असतील. तिन्हीसांजेला सगळी दारं-खिडक्या बंद आणि जाळ्या, एवढंच आम्हाला उपयोगी पडलं. जाळीच्या कडेची वेल्क्रो पट्टी सुटली की सगळं मुसळ केरात.

तुम्ही स्वतः केलेलं लिहा. घर कुठलं, डास कुठल्या वेळचे, हेही लिहा, कारण रात्री कानाशी गुणगुणणारा आणि भर दुपारी पायाला डसणारा हे वेगवेगळे डास असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं 'लिंबात लवंगा खोचा' इथे नको. माझ्याकडे ते सहा काकूंकडून आलेलं आहे.

आगरातला
रत्नागिरीकडे आमच्या गोठ्यात अजून धुरी असते. शेणी पेटवायची, निखारा झाला की वर निगडीचा ओला पाला. धूर जमिनीलगत पसरतो, गुरं शेपट्या हलवायची थांबतात, म्हणजे उपयोग होतो हे नक्की. पण तीच धुरी माजघरात केली की आजीला खोकल्याची उबळ येते, म्हणून घरात बंद केली. कॉइलचंही तेच. बंद खोलीत रात्रभर धूर घेऊन झोपायचं हे मला पटत नाही, तो पाल्याचा असो की दुकानातला.

खरा त्रास आगरात. नारळाच्या करवंट्या, पोफळीच्या गळलेल्या पोयी, कुणी टाकलेला प्लास्टिकचा ग्लास, सगळ्यांत पावसाचं पाणी. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पावसाळ्यात दर रविवारी एक फेरी, दिसेल ते पालथं. विहिरीत गप्पी मासे सोडलेत, पोहरा सोडला की पळतात आणि लगेच परत वर येतात.

बाळाची_आई
मुंबई, तळमजला. सासूबाई प्रेमाने खोबरेल तेलात कापूर घालून बाळाच्या पायांना लावत होत्या. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी ऐकून हातच जोडले. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि बाळ पाय तोंडात घालतंच. दोन वर्षांखाली कापूर नको, निलगिरीचं तेलही नको. आता छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, आणि पंखा. सासूबाई आता कापूर फक्त देवापुढे जाळतात. वाद मिटला.

वऱ्हाडी_उन्हाळा
नागपूर. आमच्याकडे मार्च लागला की कूलर निघतो, आणि डेंग्यूच्या डासाला नवं घर मिळतं. लोक टाकीतलं पाणी बदलतात आणि निश्चिंत होतात. पण तो डास अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून काथ्याने भिंती घासायच्या. सीझन संपल्यावर कूलर गच्चीवर टाकायच्या आधी तर नक्कीच. फ्रीजच्या मागचा ट्रे कधी पाह्यला काय कुणी? पाहा एकदा.

पाणी_भरून_ठेवणारी
वरचं सगळं वाचून हसू आलं. लातूर जिल्हा. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, उन्हाळ्यात तर आठ-आठ दिवस येत नाही. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' असं आशाताई सांगतात. त्यांच्या घरीसुद्धा पिंपं भरलेलीच असतात, त्यांनाही ठाऊक आहे. पाणी फेकणं आम्हाला परवडत नाही, म्हणून पिंपावर जुन्या धोतराचं दुहेरी कापड टाकून सुतळीने घट्ट बांधते. नुसतं झाकण चालत नाही, फट राहते. रांजण रिकामा झाला की आतून घासून उन्हात पालथा घालायचा आणि मगच भरायचा. सांडपाण्याच्या हौदात आरोग्य खात्याचे लोक औषध टाकून जातात.

आणि एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. संडासाच्या टाकीचा जो उभा पाइप छतावर जातो ना, त्याच्या तोंडाला जाळी किंवा सुती कापड बांधा. रात्रीचे डास तिथून ढगाने निघतात. आमच्या गल्लीत सगळ्यांनी बांधलं तेव्हा फरक कळला. एकट्याने बांधून काही होत नाही.

खाजकुमार
माझा विषय चावल्यानंतरचा. मला एक डास चावला की रुपयाएवढी गांध उठते, त्यामुळे घरातल्या यच्चयावत वस्तू लावून पाहिल्या आहेत. डास रक्त पिताना लाळ सोडतो, तिच्यावर आपलं शरीर चिडतं, ती खाज. म्हणजे 'विष उतरवण्या'ची गरज नाही, चिडलेली कातडी शांत करायची.

पहिला मान बर्फाला, फडक्यात गुंडाळून. कॅलामाइन लोशन चांगलं. कोरफडीचा गर फ्रीजमधला असेल तर छान. माझ्या मते त्यात निम्मं श्रेय फ्रीजचं. खायच्या सोड्याची पाण्यातली पेस्ट थोडा वेळ काम करते. गरम पाण्यातून काढलेला चमचा, सोसेल इतपतच गरम, काही सेकंद टेकवला की खाज बरीच थांबते. मुलांवर हा प्रयोग नको. टूथपेस्ट नुसती गार लागते. कांदा लावला तर खाज तशीच राहते आणि वर माणसं लांब जातात. चुना अजिबात लावू नका, कातडी भाजते. लिंबू लावून उन्हात तर जाऊच नका: लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की फोड येऊन काळे डाग पडतात आणि ते महिनोन्‌महिने जात नाहीत. भावाच्या हातावर होते.

नखाने फुलीचं चिन्ह करणारे हात वर करा.

नदीकाठची
@खाजकुमार, वर. दोन्ही.

एडिंबराहून
आमच्याकडे डास कमी, पण उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, हायलँड्समध्ये, उन्हाळ्यात मिजेस. चिलटांहून बारीक, थव्याने येतात आणि कडकडून चावतात. इथली मंडळी तंबू ठोकताना आधी वारा कुठून येतो ते पाहतात, कारण वारा असला की मिजेस उडूच शकत नाहीत. ठाण्याला आले की आई म्हणते पंखा पाचवर कशाला. सांगते तिला.

प्रयोगशाळेतली
रक्त तपासणे हे माझं काम, म्हणून थोडं रुक्ष लिहिते. लसूण खाऊन, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊन डास टळत नाहीत. मोबाइलमधल्या 'डास पळवणाऱ्या आवाजा'नेही नाही. गवती चहाची कुंडी खिडकीत ठेवून काही होत नाही. सिट्रोनेलाचं (गवती चहाच्याच जातीतल्या गवताचं) तेल पातळ करून लावलं तर चालतं, पण वास उडाला की परिणामही उडतो. कुंडी ठेवाच, चहाला होईल. फक्त खालच्या ताटलीत पाणी साठू देऊ नका.

ताप आला तर मात्र घरचे उपाय बाजूला ठेवा. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही बेतात. पपईच्या पानांचा रस पिऊन चार दिवस घरी काढलेले रुग्ण आमच्याकडे येतात. ताप उतरल्यावर पोटात खूप दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर तेव्हाच जास्त घाई करायची.

सोप्यावरचा
गोवा, फोंडा. संध्याकाळी सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसणं सोडणार नाही, त्यामुळे टेबलफॅन खाली जमिनीवर, तोंड पायांकडे. घोट्याला चावतात ना, तिथेच वारा. बाकी तुमचं चालू द्या.

बाळाची_आई
@पाणी_भरून_ठेवणारी, त्या पाइपवरचं कापड पावसात कुजत नाही का? आमच्या सोसायटीत विचारायचंय.

पाणी_भरून_ठेवणारी
कुजतं. नायलॉनची जाळी घ्या आणि तारेने आवळा. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपलाही बांधायला लावा, वर चढलेच आहेत तर.