सगळं करतेय, पण आतून प्रेम वाटत नाही. मग हे खोटं आहे का?

पारिजात:
नमस्कार, असं काही पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. सासूबाईंना दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलंच. तेव्हापासून डायपर, अंग पुसणं, मऊ भात भरवणं सगळं मीच करते, नवरा साडेसातची लोकल पकडतो तो रात्री नऊला घरी. करण्याबद्दल तक्रार नाही. पण आत काहीच वाटत नाही हो. काल त्यांनी घास थुंकला आणि मी चमचा वाटीत इतक्या जोरात आपटला की भात माझ्या ड्रेसवर उडाला. त्या नुसत्या बघत राहिल्या माझ्याकडे. मग मी पुसलं, दुसरा घास दिला. लोक येतात, म्हणतात किती प्रेमाने करतेस गं, पोटच्या पोरीनेही केलं नसतं. ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं होतं. प्रेम असं ठरवून आणता येतं का?

मीठभाकर:
ताई, मी वडिलांचं तीन वर्षं केलं. आमचं कधी पटलंच नाही, बोलणंही कामापुरतं. मी वाट बघत होतो की एक दिवस आतून भरून येईल आणि मग मी मनापासून करीन. नाही आलं तसं. एकदा त्यांची पायाची नखं काढायला बसलो, करंगळीचं नख मासात रुतलेलं, म्हणून कोमट पाण्यात पाय धरून वीसेक मिनिटं बसावं लागलं. घोट्याजवळ टाक्यांचा जुना वण दिसला. चाळीस वर्षं एका घरात राहून मला तो माहीत नव्हता. विचारलं तर म्हणाले, डेपोत जॅक सटकला होता, तू तेव्हा पाळण्यात होतास. बस, एवढंच बोलले. पण त्यानंतर त्यांचा पाय हातात घेताना मला वेगळं वाटायचं, त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

वरोऱ्याचा:
आनंदवन आमच्या गावाला लागूनच, म्हणून ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. बाबा आमटे वरोऱ्याचे उपनगराध्यक्ष होते, सफाई कामगारांबरोबर स्वतः मैला वाहायचे, घाबरणारा माणूस नव्हता तो. पण पावसात पडलेला तुळशीराम दिसला, कुष्ठरोगाने बोटं झडलेला, आणि बाबा तिथून पळाले. हे त्यांनी कधी लपवलं नाही. ते परत आले, त्याच्यावर आडोसा केला, त्याला खाऊ घातलं. तेव्हा मनात प्रेम दाटलेलं नव्हतं, भीतीच होती आणि ती भीती त्यांना कितीतरी दिवस झोपू देत नव्हती. त्यातूनच १९४९ ला महारोगी सेवा समिती आणि १९५१ ला सहा रुग्णांना घेऊन आनंदवन उभं राहिलं. चमचा आपटल्यावर तुम्ही दुसरा घास दिलात ना ताई, मला तर तोच मोठा वाटतो.

अबोली:
गोष्टी चांगल्या आहेत पण तिला आधी झोप द्या कोणीतरी. आई नवऱ्याची आहे, रविवार त्याचा. स्पष्ट सांग गं, कुढत बसू नकोस.

सिस्टरताई:
अबोलीला पूर्ण अनुमोदन. बावीस वर्षं नर्सिंग केलंय, थकलेलं माणूस आणि प्रेम आटलेलं माणूस बाहेरून सारखंच दिसतं, बऱ्याचदा स्वतःलाही. आता घास थुंकण्याबद्दल. स्ट्रोकनंतर पुष्कळ पेशंटना नीट गिळता येत नाही, तो हट्ट नसतो. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साठून राहतं आणि त्यांना ते कळतही नाही. त्यांना ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, घास छोटा आणि डाव्या बाजूने, गिळल्याचं दिसल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. जेवल्यावर टॉर्च मारून उजवा गाल बघा, तोंड साफ करा, अर्धा तास तरी आडवं करू नका. ठसका लागत असेल किंवा आवाज ओला, म्हणजे घशात पाणी अडकल्यासारखा, येत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा, गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्ट असतात. आणि एक, उजवी बाजू गेली म्हणजे झटका मेंदूच्या डाव्या भागात, तिथे शब्द सापडेनासे होतात पण समज बरीच शिल्लक असू शकते. त्या बघत राहिल्या म्हणालात ना, कदाचित काही सांगायचं असेल त्यांना.

पारिजात:
सिस्टरताई, दुपारी टॉर्च मारून बघितलं. उजव्या गालात सकाळच्या शिऱ्याचा गोळा तसाच होता. सकाळपासून. मी दीड वर्ष भरवतेय आणि मला माहीत नव्हतं. मऊ कापडाने हळूहळू काढला, सॉरी म्हटलं त्यांना, कालच्या चमच्याबद्दल पण. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, बराच वेळ सोडलंच नाही, माझं दूध उतू गेलं तिकडे. नवऱ्याशी बोलले, रविवारी तो भरवणार, त्याला घास कुठून द्यायचा ते दाखवून ठेवते. थेरपिस्टचंही बघतोय. अजून खूप विचारायचंय, पण साडेसात झाले, त्यांचं जेवण आहे. नंतर येते.