टॅबलेट आणि स्वस्तातला वायरलेस कीबोर्ड: फिरतीवर लिहायला लॅपटॉप लागतोच का?

सारंग
गेले आठ महिने माझं सगळं कच्चं लेखन दहा इंची टॅबलेट आणि साध्या ब्लूटूथ कीबोर्डवर चाललंय. फिरतीवर लिहायला याहून सोयीचं काही नाही, असं माझं ठाम मत झालंय. वजनाचा फरक आहेच: टॅबलेट अर्ध्या किलोच्या आसपास, लॅपटॉप सव्वा-दीड किलोचा. पण खरा फायदा वेगळा. पडदा आणि कळा एकमेकांना जखडलेल्या नाहीत. टॅबलेट पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांसमोर ठेवायचा, कीबोर्ड खाली हाताशी. लॅपटॉपचा पडदा वर घ्यायला गेलं की कळाही वर येतात. माझी मानदुखी थांबली ती या मांडणीमुळेच.

रेवती
टेबल मिळालं तर मान्य. प्रवासात ते मिळतं का? मांडीवर लॅपटॉप बिजागरीच्या जोरावर उभा राहतो, टॅबलेटचं स्टँड कोलमडतं. सोबत न्यायची वस्तू म्हणायची आणि सपाट जागा हुडकत फिरायचं, हे मला पटत नाही.
शिवाय स्वस्त कीबोर्ड लहान करताना कळा आखडतात. नेहमीच्या कीबोर्डवर दोन शेजारच्या कळांच्या मध्यांत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. त्यात दोन-तीन मिलिमीटर कमी झाले की सवयीची बोटं चुकायला लागतात. मी असा कीबोर्ड महिनाभर वापरून परत कपाटात ठेवला.

अक्षरमित्र
मराठीचा मुद्दा राहिला. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा पडद्यावरचा कीबोर्ड माझ्या टॅबलेटवर बाहेरचा कीबोर्ड जोडला की बाजूला होतो, आणि कळांवर नुसती इंग्रजी अक्षरं उमटतात. मी शेवटी इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची प्रमाण कीबोर्ड-मांडणी, शिकलो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. 'क'च्याच कळीवर शिफ्ट धरली की 'ख'. तीन आठवडे चिडचिड झाली, पण आता बोटं न बघता चालतात. घेण्याआधी आपल्या टॅबलेटच्या सेटिंगमध्ये बाह्य कीबोर्डसाठी मराठी किंवा हिंदी मांडणी दिसते का, एवढं पाहाच.

रेवती
म्हणजे स्वस्त कीबोर्डसाठी नवी मांडणी शिकायची! लॅपटॉपवर मी रोमनमधूनच मराठी लिहिते, काही शिकावं लागलं नाही.

अक्षरमित्र
कीबोर्डसाठी नाही, मराठीसाठी शिकलो. लॅपटॉपवरही आता तेच वापरतो. 'क्ष'साठी कुठली रोमन अक्षरं जुळवायची, हा विचार वाक्याच्या मधे येत नाही.

जुना टंकक
१९८३ साली टीआरएस-८० मॉडेल १०० नावाचा छोटा संगणक आला होता. पडद्यावर ८ ओळी, प्रत्येकीत ४० अक्षरं, चार पेन्सिल सेलवर चालायचा. बातमीदारांनी तो उचलून धरला, कारण कीबोर्ड पूर्ण आकाराचा होता आणि बटण दाबलं की लगेच लिहिता यायचं. तेव्हा पडद्यावर तडजोड चालली, कळांवर नाही. म्हणून रेवतीताईंचा कळांचा मुद्दा मला मोलाचा वाटतो. टॅबलेट कुठलाही घ्या, कीबोर्ड मात्र पूर्ण रुंदीचा घ्या, पिशवीत थोडा बाहेर डोकावला तरी चालेल.

सारंग
हे शंभर टक्के मान्य. माझा पूर्ण रुंदीचाच आहे, आधी सांगायला हवं होतं. एक त्रास मात्र खरा आहे: थोडा वेळ हात थांबला की तो बॅटरी वाचवायला झोपतो आणि जागा होताना पहिली एक-दोन अक्षरं गिळतो. मी आधी नुसती शिफ्ट दाबतो, क्षणभर थांबतो, मग लिहितो. आणि मांडीवर लिहायला खाली कडक पुठ्ठा ठेवलाय. टॅबलेट आणि कीबोर्ड दोन्ही त्यावर बसतात.

रेवती
पुठ्ठ्याचं करून बघेन. पण लांब लेखाची फेरतपासणी? दोन मसुदे शेजारी ठेवायचे, परिच्छेद वरखाली करायचे, तळटीपा जुळवायच्या. टॅबलेटवर पडदा दुभागला की प्रत्येक बाजूला ओळीत जेमतेम पाच-सहा शब्द उरतात, आणि मजकूर निवडायला दर वेळी हात उचलून काचेवर न्यावा लागतो.

सारंग
निवडायला शिफ्ट आणि बाणाच्या कळा चालतात, कंट्रोलसोबत शब्द-शब्द पुढे जाता येतं. दोन मसुद्यांचं मात्र खरंय, ते काम मी घरी मोठ्या पडद्यावरच करतो. फिरतीवर फक्त पहिला खर्डा.

रेवती
मग घरी दुसरं यंत्र आहेच. ज्याला एकच घेणं शक्य आहे, त्याला मी अजूनही लॅपटॉपच सांगेन.