पोस्तेकोग्लूला नारळ दिला, पण लेव्हीचं काय? (स्पर्स फोरम, जून २०२५)

लिलीव्हाइट_पुणेकर
झालं एकदाचं. ६ जूनला स्पर्सने, म्हणजे आपल्या टॉटनहॅम हॉटस्परने, मॅनेजर अँज पोस्तेकोग्लूला घरी पाठवला. २१ मेला बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग आणली त्याला अजून तीन आठवडे पण झाले नव्हते. १७ वर्षांनी कप, युरोपातला तर १९८४ नंतर पहिलाच, आणि वर चॅम्पियन्स लीगचं तिकीट. आता लगेच "लीगमध्ये सतरावे आलो ना" म्हणून अंगावर येऊ नका, टेबल मलाही वाचता येतं. माझा मुद्दा वेगळाय. २००१ पासून एनिक या गुंतवणूक कंपनीकडे क्लब आहे, लेव्ही तेव्हापासून चेअरमनच्या खुर्चीत आहे, आणि या काळात हॉडल, सँटिनी, योल, रामोस, रेडनॅप, व्हिलाश-बोआश, शेरवूड, पोचेटिनो (पोच), मोरिन्यो, नुनो, काँटे आणि आता अँज, एवढे लोक येऊन गेले. पासिंगवाला आणला, बस पार्क करणारा (सगळे मागे बसवून बचाव करणारा) आणला, हल्ला चढवणारा आणला, सगळे प्रकार करून झाले. दरवेळी मॅनेजर नालायक निघतो आणि निवडणारा मात्र हुशारच राहतो, हे कसं काय बुवा?

डोंबिवली_एन१७
अरे पण २२ मॅच हरलाय तो लीगमध्ये! ३८ पैकी २२!! ३८ पॉइंट. लेस्टर, इप्सविच आणि साउथहॅम्प्टन यंदा एवढे भिकार होते म्हणून रेलिगेशनपासून (खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून) वाचलो, नाहीतर एरवी एप्रिलमध्ये घाम फुटला असता. शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर ब्रायटनने चार घातले, कप मिरवून झाल्यावर दोन दिवसांत. मी पण बिल्बाओच्या रात्री पहाटेपर्यंत जागाच होतो, व्हॅन डे व्हेनने गोललाइनवरून हवेत उडी मारून बॉल काढला तेव्हा अख्खी बिल्डिंग उठवली, पण म्हणून त्याला अजून एक सीझन द्यायचा? दुसऱ्या कुठल्या क्लबने दिला असता सांग.

लिलीव्हाइट_पुणेकर
काढू नको म्हणत नाहीये मी, नीट वाच. काढला तर काढला. पण डिसेंबर-जानेवारीत काय चाललं होतं आठव. रोमेरो नाही, व्हॅन डे व्हेन नाही, गोलकीपर विकारिओ नाही, सगळे जखमी, आणि आर्ची ग्रे, १८ वर्षांचा पोरगा, मूळचा मिडफिल्डर, तो सेंटर बॅक खेळतोय. जानेवारीच्या सुरुवातीला किन्स्की गोलकीपर घेतला आणि डिफेंडर डान्सो आला ट्रान्सफरची खिडकी बंद व्हायच्या वेळेला, तो पण लोनवर. महिनाभर त्या पोराला लांडग्यांपुढे उभा केला होता. त्या महिन्याचे पॉइंट अँजच्या खात्यात लिहायचे का लेव्हीच्या?

गनर_गिरगावकर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

डोंबिवली_एन१७
@गनर_गिरगावकर तू गप रे, २०२० च्या एफए कपनंतर तुमच्या आर्सेनलच्या कपाटात काय आलंय ते सांग आधी. तीन वर्षं दुसरा नंबर, त्याची ट्रॉफी मिळते का?

जुनं_खोड
लेव्हीला शिव्या घालणारी तुम्ही बहुतेक सगळी मंडळी पोचेटिनोच्या काळात स्पर्स बघायला लागलात, त्यामुळे नव्वदच्या दशकातले स्पर्स काय होते ते तुम्हाला माहीत नाही. मधल्या नंबरवर लोळायचं, कधीतरी रेलिगेशनची भीती, क्लिन्समन एक सीझन येऊन गेला तर त्याच्याच आठवणी काढत बसायचं. या माणसाने क्लब कर्जात बुडवला नाही, अरबाला विकला नाही, २०१० ते २०२४ या पंधरा सीझनमध्ये आठच्या खाली एकदाही नाही. एनफिल्डला ट्रेनिंग ग्राउंड, मग ६२ हजारांचं स्टेडियम. लीड्सने स्वप्नं बघून पैसे उडवले, पोर्ट्समथने २००८ ला एफए कप जिंकला आणि दोन वर्षांत दिवाळं निघालं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ते उगाच नाही.

हॅरोकर
काका तुमचा मान ठेवून सांगतो, अंथरूण आता लंडनमधलं सगळ्यात भारी झालंय, हा माणूस अजून पाय पोटाशी घेऊनच झोपलाय! डेलॉइट या ऑडिट फर्मच्या यादीत उत्पन्नात आपण जगात नववे. आणि पगारावर खर्च किती, तर उत्पन्नाच्या चाळीस-बेचाळीस टक्क्यांच्या आसपास, मोठ्या क्लबांमध्ये एवढा कमी कोणाचाच नाही. मोठा खेळाडू ट्रान्सफर फीसाठी नाही अडत, पगारासाठी अडतो, ही साधी गोष्ट आहे. मी इथे राहतो, स्टेडियम खरंच अप्रतिम आहे, बिअर खालून भरते ते ग्लास बघायला लोक येतात. एनएफएल (अमेरिकन फुटबॉल) होते, बॉक्सिंग होतं, आत्ता या आठवड्यात बियॉन्सेचे शो चालू आहेत, मॅनेजरला काढला त्या दिवशीसुद्धा शहरात चर्चा तिचीच. आणि त्याच क्लबने गेल्या वर्षी म्हाताऱ्या लोकांची सीझन तिकिटाची सवलत कापायला घेतली होती. पासष्टीच्या पुढचे लोक, जुन्या स्टेडियमला, व्हाइट हार्ट लेनला, बापाचं बोट धरून आलेले. किती पैसे सुटले असते त्यात? तिथे माझी सटकली.

जुनं_खोड
सवलतीचं चुकलंच, त्यावर वाद नाही. पण "पैसे लावत नाही" हे अर्धसत्य आहे. एनडॉम्बेले, रिशार्लिसन, सोलँकी, ही काय फुकट आलेली मंडळी आहेत? पैसा गेलाय, चुकीच्या माणसांवर गेलाय.

लिलीव्हाइट_पुणेकर
मग चुकीच्या माणसांवर घालवला कोणी काका? तेच तर म्हणतोय! आणि पैसा कधी गेला ते पण बघा ना. २०१२ च्या जानेवारीत टेबलात तिसरे होतो, बेल, मॉड्रिच, व्हॅन डर वार्ट एका टीममध्ये, लोक टायटलचं बोलत होते, आणि मदत म्हणून आले कोण तर लुई साहा आणि रायन नेल्सन. चौथे आलो, चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकल्यामुळे ती जागा पण गेली आणि रेडनॅप पण गेला. २०१७ ला ८६ पॉइंट, घरी एकही मॅच हरलो नाही, दुसरे. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात खरेदी शून्य. जानेवारीत पण शून्य. त्याच शून्यावर पोच माद्रिदला चॅम्पियन्स लीगच्या फायनलपर्यंत गेला, आणि नोव्हेंबरमध्ये घरी बसवला, दुसऱ्या दिवशी सकाळी मोरिन्यो हजर. हा माणूस कळसापर्यंत आणतो आणि तिथे मिस्त्रीचे पैसे वाचवतो.

आर्डिलेसची_भाची
मोरिन्योचं विसरलात वाटतं. २०२१, कॅराबाओ कप (लीग कप) फायनल रविवारी, त्याच्या आधीच्या सोमवारी हा माणूस काढला. सहा दिवस आधी. कप जिंकायलाच ज्याला आणला त्याला कपच्या आधी घालवला आणि २९ वर्षांच्या मेसनला मँचेस्टर सिटीच्या पेपच्या समोर उभा केला. १-० गेली. मोरिन्यो मला काडीचा आवडत नव्हता, फुटबॉल बघवत नव्हतं त्याचं, तरी सांगते, ज्याला ट्रॉफीची भूक आहे तो मालक असं करतच नाही.

डोंबिवली_एन१७
ताई, त्या वीकेंडला सुपर लीगचा (मोठ्या क्लबांनी वेगळी लीग काढायचा) पण राडा चालू होता, सगळा गोंधळ होता. आणि काँटेचं काय? २०२३ मध्ये साउथहॅम्प्टनला ३-१ वरून ३-३ झालं आणि पठ्ठ्याने प्रेसमध्ये खेळाडूंना स्वार्थी म्हटलं, वीस वर्षं हाच मालक आणि काही जिंकले नाहीत म्हणाला. २००८ चा लीग कप विसरलाच तो. स्वतः मात्र दर आठवड्याला इटलीकडे डोळे लावून. मॅनेजर लोक काही साधुसंत नाहीत, अँजने पण वर्षभर तीच हाय लाइन (डिफेन्स खूप पुढे) ठेवली, दोन मॅचचा अनुभव असलेल्या डिफेंडरांना घेऊन. याला धाडस म्हणायचं का हट्ट?

आर्डिलेसची_भाची
हट्टच. पण फायनलला कसा खेळला? मॅडिसन नाही, कुलुसेव्स्की नाही, गोल झाल्यावर सगळे मागे, अजिबात लाज न बाळगता. म्हणजे बदलता येत होतं त्याला. दुसऱ्या वर्षी मी जिंकतोच असं सप्टेंबरमध्ये म्हणाला तेव्हा आपणच हसलो होतो ना त्याला?

जुनं_खोड
एक सांगतो. लेव्ही गेला आणि उद्या कोणी अमेरिकन फंडवाला आला, कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकून, तर याच लोकांना लेव्ही आठवेल. युनायटेडवाल्यांना विचारा त्यांचे मालक ग्लेझर म्हणजे काय ते.

हॅरोकर
म्हणजे वाईटाची भीती घालून बऱ्यावर समाधान. एनिकच्या आधीचा मालक शुगर, त्याच्या दहा वर्षांत एक लीग कप आला, एनिकच्या चोवीस वर्षांत एक लीग कप आणि आता हा एक, आणि हा आणणारा माणूस काढून टाकला. नव्वदच्या दशकाचा हिशोब एवढाच आहे काका.

जुनं_खोड
तेव्हा चॅम्पियन्स लीग फायनल खेळलो होतो का? उगाच सोयीचं मोजू नका.

डोंबिवली_एन१७
बरं ते सोडा, ब्रेंटफर्डच्या मॅनेजरचं, फ्रँकचं नाव चाललंय. मला चालेल. कमी पैशात टीम कशी उभी करायची ते त्याला येतं.

लिलीव्हाइट_पुणेकर
हो ना, कमी पैशात! म्हणूनच आवडला असेल साहेबांना 😂 माणूस चांगलाय, माझा विरोध नाही, पण त्याला सही करायच्या आधी कोणीतरी पोचचा २०१८ चा उन्हाळा दाखवा.

आर्डिलेसची_भाची
१३ ऑगस्टला उदिनेला सुपर कप (चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग विजेत्यांची मॅच) आहे, समोर पीएसजी. बाकावर कोण असेल ते नक्की झालं की टाका इथे. मॅच रात्री साडेबाराला सुरू होईल आणि दुसऱ्या दिवशीची रजा मला आत्ताच टाकावी लागणार आहे, आमच्याकडे पण मॅनेजमेंट लेव्हीसारखंच आहे.