रस्ता चांगला असतानाच त्यावर पैसा घालावा का?

गोदाकाठ (परभणी)
डांबरी रस्त्यांच्या कामावर २२ वर्षं सुपरवायझर होतो. माझं म्हणणं एवढंच, की खड्डे पडायची वाट बघू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. उन्हानं डांबर कडक होतं, रस्ता काळ्याचा करडा पडतो आणि केसासारख्या भेगा दिसायला लागतात. औषध द्यायची वेळ तीच. मोजक्या भेगा असतील तर त्या सील करा. पृष्ठभाग नुसता कोरडा पडला असेल तर पातळ इमल्शनचा, म्हणजे पाण्यात मिसळलेल्या डांबराचा, फवारा पुरतो. बारीक खडी सुटायला लागली असेल तर स्लरी सील किंवा मायक्रोसरफेसिंग करा, म्हणजे इमल्शन आणि बारीक खडी कालवून पातळ थर द्या. मायक्रोसरफेसिंगचा थर जेमतेम ४ ते ८ मिलिमीटरचा, भट्टी पेटवावी लागत नाही आणि दोनेक तासांत वाहनं सोडता येतात. दोन पावसाळे दुर्लक्ष केलं की पाणी खाली खडीत उतरतं, मग सगळा रस्ता उकरणं आलं.

मांजरापट्टा (लातूर)
काका, अनुभव तुमचा मोठा, पण मला हे पटत नाही. आमच्या रस्त्यावरून गाळपाच्या दिवसांत उसाचे दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस चालतात. रस्ता खालून खचलाय, त्याला ४ मिलिमीटरचं मलम काय करणार? शेजारच्या वस्तीला तर अजून धड मुरूमसुद्धा नाही. बाळंतिणीला बाजेवर आणावं लागतं तिथं, आणि आपण चांगल्या रस्त्याला मुलामा द्यायचा?

काळीमाती (बीड)
दोघंही वरूनच बघताय. मागच्या उन्हाळ्यात रस्त्यालगतच्या आमच्या रानातल्या भेगेत हात घातला, कोपरापर्यंत गेला. तीच भेग साइडपट्टीतून वर येऊन डांबरात शिरली होती, कडेपासून हातभर आत, रस्त्याला समांतर. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. कडेचं पाणी निघालं नाही तर वर काहीही फासा, वाया जाणार. आणि चूक आपलीही आहे. धुऱ्याच्या लोभापायी आम्ही शेतकऱ्यांनीच रस्त्याकडेचे चर नांगरून टाकलेत. आधी ते उघडा.

गोदाकाठ
चर उघडा हे शंभर टक्के मान्य. ते पहिलं काम, आणि सगळ्यात स्वस्त. लातूरकर दादा, खचलेल्या रस्त्याला मायक्रोसरफेसिंग करा असं मी म्हणतच नाही. चाकोरीत मगरीच्या पाठीसारख्या भेगांचं जाळं दिसलं की समजायचं, खालचा थर गेला. तिथं बेंकलमन बीम लावून भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजा आणि जाड थराचं काम घ्या. पण त्याच रस्त्याचे अजून शाबूत असलेले चार किलोमीटर त्याच वाटेला का जाऊ द्यायचे? ते वाचले तर वस्तीच्या रस्त्याला पैसा उरेल.

मांजरापट्टा
उरलेला पैसा वस्तीपर्यंत पोचतो का, हाच माझा प्रश्न आहे. आमच्याकडे असाच एक पातळ थर ऐन आभाळ भरून आलेलं असताना टाकला. इमल्शन चॉकलेटी असतं, फुटलं, म्हणजे डांबर पाण्यापासून सुटं झालं, की काळं पडतं. ते काळं व्हायच्या आत पाऊस आला आणि सगळं कडेच्या सोयाबीनमध्ये वाहून गेलं. कामावरच्या माणसाला मी स्वतः सांगितलं होतं, थांबा म्हणून. उपाय चांगला असेल, पण कोणत्या किलोमीटरला काय केलं आणि का, हे गावातल्या फलकावर लिहिल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही.

काळीमाती
फलकाला माझा पाठिंबा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर पाच वर्षं देखभाल रस्ता बांधणाऱ्याच ठेकेदाराकडे असते. आमच्या गावात हे कित्येकांना माहीतच नाही, मग मागणार कोण?

गोदाकाठ
आभाळ बघून काम न थांबवणं हा गुन्हाच. आणि फलक हवाच, त्यात वाद नाही. वस्ती आधी की शाबूत रस्ता आधी, यावर मात्र माझं मत तेच राहील. तोवर एक करून बघा. पाऊस उघडल्यावर अर्ध्या तासानं रस्त्यावर जा. बाकी रस्ता वाळलेला असतो, भेगा तेवढ्या ओल्या, काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि दिवाळी झाली की भेगा सील करण्याच्या अर्जाला जोडा. तेव्हा हवा कोरडी असते, भेगा उघडलेल्या असतात, सील नीट बसतं.