दिवाळीच्या सुट्टीत भुताचा सिनेमा बघायचाच, तर फारसा कुणाला ठाऊक नसलेला बघा

रानवारा

फराळ झाला, किल्ला झाला, की सुट्टीतल्या एखाद्या रात्री 'चला, भुताचा लावूया काहीतरी' अशी टूम निघतेच. मग लागतात तेच चार-पाच सिनेमे, ज्यांची भुतं सगळ्यांच्या फोनवर मीम होऊन फिरत असतात. ही रात्र अशी वाया घालवू नये, असं माझं ठाम मत आहे. पुढे काय होणार हे ठाऊक नसणं, यात भयपटाचं अर्धं बळ असतं. गाजलेल्या सिनेमात भूत कोण, कुठून येतं, शेवटी कोण वाचतं हे सगळं आधीच कानावर पडलेलं असतं. आडवाटेच्या सिनेमात दिग्दर्शक कुठवर जाईल याचा अदमास लागत नाही, आणि जीव तिथेच घाबरा होतो.

१९८० सालचा 'गहराई' घ्या. अरुणा राजे आणि विकास देसाई यांचा हिंदी सिनेमा, लेखनात विजय तेंडुलकरांचाही हात. बंगळुरात राहणारा चेन्नबसप्पा (डॉ. श्रीराम लागू) गावाकडची जमीन कंपनीला विकून टाकतो. ती जमीन सांभाळणारा माणूस यामुळे कोलमडतो. आणि मग शहरातल्या त्या सुशिक्षित घरात शाळकरी मुलीला, पद्मिनी कोल्हापुरेला, झपाटल्यासारखं होऊ लागतं. पडका वाडा नाही, धूर नाही, पांढरी साडी नाही. दिवाणखाना, जेवणाचं टेबल, आईबाप आणि भाऊ. आपल्याच घरासारखं घर दिसत असल्यामुळे तो सिनेमा अंगावर येतो. लागू, तेंडुलकर, अमरीश पुरी, अनंत नाग एवढी नावं असूनही माझ्या ओळखीतल्या फार थोड्यांनी तो पाहिलाय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं नाव 'कोथनोदी', २०१५, आसामी. दिग्दर्शक भास्कर हजारिका. लक्ष्मीनाथ बेजबरुआंनी गोळा केलेल्या आसामी लोककथांवर आधारलेला. एका बाईच्या पोटी मूल न येता एक फळ जन्माला येतं, आणि ते फळ घरंगळत तिच्या मागोमाग फिरतं. ऐकायला लहान मुलांची गोष्ट वाटते. पडद्यावर बघा, मग बोलू.

तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्याकडे अशी नावं असतील तर जरूर द्या.

माजघर

तळमळ समजते, पण मला हे पटत नाही. दिवाळीत आमच्याकडे सत्तरी ओलांडलेल्या आत्यापासून पहिलीतल्या भाच्यापर्यंत सगळे एका खोलीत असतात. तिथे आसामी सिनेमा इंग्रजी सबटायटल्सवर लावला तर आत्याने काय करायचं? तिला इंग्रजी येत नाही, आणि मराठी सबटायटल्स अशा सिनेमांना मिळतच नाहीत. म्हणजे घरातल्या निम्म्या माणसांना बाजूला बसवून उरलेल्यांनी सिनेमा बघायचा. याला मी सुट्टी म्हणणार नाही.

आणि ठाऊक असलेला सिनेमा पुन्हा बघण्यातही आनंद आहे. 'पछाडलेला' आमच्याकडे कितीदा लागला असेल! दिलीप प्रभावळकरांचा इनामदार भुसनळे पडद्यावर यायच्या आधीच पोरं एकमेकांना चिकटून बसतात. काय होणार हे माहीत असल्यामुळेच ती धिटाईने घाबरतात. लहान मुलांना भीतीची ओळख अशीच व्हावी, असं मला वाटतं.

सोनकी

माजघर यांना अनुमोदन, पण माझं कारण वेगळं आहे. बरेचसे सिनेमे अप्रसिद्ध राहतात ते वाईट असतात म्हणून. ओटीटीवर आणि यूट्यूबवर भयपटांचा ढीग पडलाय. दर दहा मिनिटांनी दचकवणारा आवाज, अंधारात काहीच न दिसणारं छायाचित्रण, आणि शेवटी 'हे सगळं तिच्या मनात होतं'. रानवारा यांनी दिलेली दोन नावं चांगली असतील, पण ती त्यांनी निवडून दिलीत. सामान्य माणूस सुट्टीत अशी निवड कशी करणार? चार दिवसांच्या सुट्टीतली एक रात्र टुकार सिनेमावर गेली की ती परत मिळत नाही. गाजलेला सिनेमा निदान लाखो लोकांनी पारखलेला तरी असतो.

रानवारा

सोनकी, गाजणं हा पारखेचा पुरावा मी मानत नाही. 'तुंबाड' २०१८ साली आला तेव्हा थिएटरं भरली नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच सिनेमा पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. सिनेमा तोच होता. मधल्या सहा वर्षांत ज्यांनी तो शोधून पाहिला आणि चार जणांना सांगितलं, त्यांच्यामुळे तो उभा राहिला. ते सहा वर्षं गप्प बसले असते तर?

निवडीची अडचण खरी आहे. मी एक बघतो: गोष्ट त्या गावातून, त्या घरातून उचलून दुसरीकडे नेली तर टिकेल का? टिकत असेल तर बहुधा सिनेमा सामान्य असतो. 'लपाछपी' ही गोष्ट उसाच्या फडाशिवाय होऊच शकत नाही. चहूबाजूंनी डोक्यावर गेलेला ऊस, मधे एकच घर, आणि त्यात गरोदर बाई. बाहेर पडलं तरी वाट सापडत नाही. विशाल फुरियांनी तोच सिनेमा २०२१ मध्ये हिंदीत 'छोरी' म्हणून केला, तेव्हाही ऊस सोडला नाही.

ओवी

'लपाछपी'चं नाव आलं म्हणून लिहिते. मला तो सिनेमा फार महत्त्वाचा वाटतो. मुलगी नको म्हणून काय काय केलं जातं, हे पूजा सावंत आणि उषा नाईक यांनी ज्या ताकदीने उभं केलंय, ते भाषणांनी होणार नाही. पण रानवारा, सुट्टीत, घरात कुणी गरोदर असताना तो लावू नका, ही कळकळीची विनंती. चांगल्या सिनेमालाही वेळ-काळ बघावा लागतो.

याच जातीचा एक सिनेमा सुचवते. 'अंडर द शॅडो', २०१६, बाबक अन्वरी, फारसी भाषा. इराण-इराक युद्धाचा शेवटचा काळ, तेहरानमधली एक इमारत. छतात क्षेपणास्त्र घुसतं आणि फुटत नाही. नवरा आघाडीवर डॉक्टर, घरात शिदेह आणि तिची लहान मुलगी. मग जिन्न येतो. एका रात्री शिदेह भीतीने मुलीला उचलून रस्त्यावर धावते, आणि डोकं झाकलेलं नाही म्हणून तिलाच पकडतात. घरात जिन्न, बाहेर कायदा. हा प्रसंग पाहिल्यावर मी बराच वेळ बोलू शकले नव्हते. हा सिनेमा मोठ्या गाजावाजाने आला असता आणि त्यातल्या जिन्नाची चित्रं आधीच बघितली असती, तर माझं लक्ष जिन्नाकडेच राहिलं असतं. तिच्याकडे गेलं नसतं.

विवेकी सातारकर

माझा आक्षेप सिनेमा प्रसिद्ध की अप्रसिद्ध यावर नाही, झपाटण्यावर आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम वाचा: भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं. हे कागदावर आलं, कारण हे घडत होतं आणि अजूनही घडतं. भोगावं लागतं बहुतेक बायकांना आणि मुलींना. जिला उपचार हवेत तिला मांत्रिकाकडे नेतात.

आता 'गहराई'. मुलगी झपाटते, डॉक्टर हतबल, मांत्रिक येतात. गाजलेल्या सिनेमावर निदान चर्चा होते, टीका होते. अप्रसिद्ध सिनेमा कुठलीही चर्चा न होता थेट घरात येतो. दिवाळीच्या रात्री पंधरा माणसं बघणार, त्यातल्या दोघांच्या मनात 'तसंही असू शकतं' एवढं राहिलं, तरी मला ते नको आहे.

रानवारा

तुमची काळजी मी हलकी मानत नाही. पण 'गहराई'त चेन्नबसप्पा आहेत ते डॉ. लागू. देवाला आता निवृत्त करा असं जाहीरपणे मांडणारे, 'विवेकजागराचा वादसंवाद' या जाहीर चर्चेच्या कार्यक्रमात दाभोलकरांसोबत गावोगाव बसणारे. असल्या माणसाने ही भूमिका का केली असेल, यावर विचार करावासा वाटतो. माझं उत्तर असं: सिनेमाचा रोख बापाने केलेल्या व्यवहारावर आहे. कसणाऱ्याला न विचारता जमीन विकली, आणि त्याची किंमत घरातल्या सगळ्यांत दुबळ्या जिवाला मोजावी लागली. भूत काढून टाकलं तरी हा अन्याय उरतोच.

विवेकी सातारकर

लागूंबद्दल मला अपार आदर आहे, पण नटाची मतं म्हणजे सिनेमाची मतं नव्हेत. तुम्ही जमिनीचा व्यवहार बघता, कारण तुम्ही तसं बघायला शिकलात. माझ्यासमोर शिबिरात बसणारी मुलं मुलीच्या तोंडातून येणारा वेगळा आवाज बघतील आणि तोच घरी घेऊन जातील. इथे आपलं एकमत होणार नाही.

लीड्सकर

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडात आहे, तिथली एक गोष्ट सांगतो. सण आणि भुतं यांचं इथे मुळीच वाकडं नाही. एम. आर. जेम्स केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या रात्री मित्रांना आपल्या भुतांच्या गोष्टी वाचून दाखवायचे. १९७१ पासून काही वर्षं बीबीसी दर नाताळला एक छोटा भूतपट दाखवायची. १९७२ चा 'अ वॉर्निंग टू द क्युरिअस' त्यांतला माझा आवडता: ओसाड समुद्रकिनारा, पुरलेला मुकुट आणि लांबवर उभी एक आकृती. बस्स. लांबीही तासाभराच्या आतली.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? 'धनंजय', 'नवल' हे दिवाळी अंक मोठी माणसं दुपारी वाचायची आणि मुलं रात्री चोरून. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी हे भयकथाकार आपल्या घरांत अनेकदा दिवाळी अंकांतूनच आले. म्हणजे दिवाळी आणि भय यांची जोडी आपल्यालाही जुनीच आहे.

माजघर

लीड्सकर, दिवाळी अंकाचा दाखला उलट माझ्या बाजूने जातो. अंक एकट्याने वाचायचा, ज्याला नको त्याने पान उलटायचं. दिवाणखान्यातल्या टीव्हीला ती सोय नाही. एकाने रिमोट घेतला की सगळ्यांना बघावं लागतं.

पण एक विचारते. मराठीत, जुना, आत्याला समजेल आणि मुलांनाही चालेल असा एखादा आहे का?

ओवी

'हा खेळ सावल्यांचा', १९७६. वसंत जोगळेकर, आशा काळे, काशिनाथ घाणेकर. 'गोमू संगतीनं' प्रत्येक सहलीत म्हणतात, पण ते ज्या सिनेमातलं आहे तो भुताच्या सावटाचा आहे हे तरुण मंडळींना ठाऊकच नसतं. 'काजळ रातीनं' त्यातलंच. आत्याबाई गाणी म्हणतील, मुलं घाबरतील.

सोनकी

हे नाव मला मान्य. पण स्वच्छ प्रत शोधा. जुन्या मराठी सिनेमांच्या ज्या प्रती फिरतात त्यांत चेहरेही धड दिसत नाहीत, आणि संवाद ऐकू आले नाहीत तर भीती कशाची वाटणार? माझा मूळ मुद्दा हाच होता: आडवाटेचा सिनेमा बघा म्हणणं सोपं, तो नीट दिसेल-ऐकू येईल असा मिळवणं अवघड.

रानवारा

माजघर, तुमची अडचण मला आता नीट कळली. म्हणून असं सुचवतो: आठ वाजता सगळ्यांसाठी 'हा खेळ सावल्यांचा'. मुलं आणि आत्या झोपल्यावर, ज्यांना खरोखर बसायचंय त्या तिघा-चौघांसाठी 'लेक मुंगो', २००८, ऑस्ट्रेलिया, जोएल अँडरसन. बुडून गेलेल्या मुलीच्या घरच्यांच्या मुलाखती, काही फोटो, काही चित्रफिती. दीड तासाच्या आत संपतो, आणि त्यात भूत उतरवणारा मांत्रिक नाही, म्हणून सातारकरांनाही सांगतो. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या फोटोंकडे रोखून बघावं लागतं.

विवेकी सातारकर

'लेक मुंगो' बघतो. 'गहराई'बद्दलचं माझं मत मात्र कायम.