लोकलच्या गर्दीत सोबत नेमके काय बाळगावे?

बोरिवलीकर: मी रोज सकाळच्या गर्दीत बोरिवलीहून चर्चगेटला जाते. पर्समध्ये जेवणाचा डबा आणि छत्री असतेच. त्यात पाण्याची बाटली, कापडी पिशव्या, स्वतःचा पेला आणि चमचा हे सगळे कोंबणे शक्य नाही. रोजचा कचरा खरोखर कमी करायचा असेल, तर यांपैकी कोणत्या वस्तूंना प्राधान्य द्यावे?

जुना चाकरमानी: आपण येता-जाता काय विकत घेता, यावर ते ठरवावे. स्टेशनबाहेर भाजी-फळे घेत असाल, तर घडी करून मुठीत मावेल अशी पातळ पिशवी आधी ठेवा. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असली, तरी मागितल्यावर अजूनही त्या हळूच पुढे केल्या जातात, त्यामुळे आपली पिशवी हाताशी असणे हाच खरा उपाय आहे. बाटली सकाळी अर्धीच भरून न्या आणि ऑफिसात पुन्हा भरून घ्या, म्हणजे खांद्यावर ओझे होत नाही. पेला मात्र ऑफिसच्या खणातच ठेवावा. तिथल्या कागदी कपांना आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून ते रद्दीत टाकून चालत नाही. टपरीवर काचेच्या ग्लासात कटिंग मिळत असेल, तर तिथे काहीच नेण्याची गरज नाही.

माहीमवासी: वरील सल्ला योग्य आहे, फक्त पिशवी नवी विकत घेऊ नये, ही माझी भर. डेन्मार्कच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१८ साली केलेल्या अभ्यासानुसार, केवळ हवामानावरील परिणाम पाहिला तरी साधी सुती पिशवी प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा सरस ठरायला ती किमान ५२ वेळा वापरावी लागते. पाण्याच्या वापरासह इतर परिणाम धरले, तर हा आकडा हजारांत जातो. म्हणून समारंभांत फुकट मिळणाऱ्या पिशव्यांचा ढीग घरात साठवण्यापेक्षा जुन्या साडीची वा ओढणीची एकच पिशवी शिवून ती विरेपर्यंत वापरावी. दुकानदार ज्या कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या देतात, त्या बहुतेक पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांची चर्चा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

रविवारचा मासेवाला गिऱ्हाईक: मासळीचा विषय राहिलाच. कापडी पिशवीतून पाणी गळते आणि वास जात नाही, त्यामुळे बाजाराच्या दिवशी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा. मासळी वाट्यावर घेतली तर वजनाचा प्रश्नच येत नाही. किलोवर घ्यायची असल्यास कोळीणबाईंना रिकामा डबा आधी तोलायला सांगावा. मासळी साफ करायला देतानाच डबा पुढे करा, नाहीतर बोलता बोलता ती काळ्या पिशवीत गेलेली असते.